तीस संगणक आणि एक चकती

आज एका हिशेबाने सुरुवात करू या. शाळेच्या संगणक-कक्षात ३० संगणक आहेत असे समजा. सोमवारी सकाळी ८ वाजता प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि शनिवारी दुपारी २ वाजता लक्षात येते, की बहुतेक यंत्रांत व्हायरस शिरला आहे. आता प्रत्येक यंत्रावर ‘फॉरमॅट मारून’ कार्यप्रणाली आणि परीक्षेला लागणाऱ्या सर्व आज्ञावल्या नव्याने टाकणे भाग आहे. एका यंत्राला २ तास धरले तर ३० यंत्रांना ६० तास लागतील. हाताशी आहेत अवघे ४२ तास, तेही न जेवता, न झोपता!

तुम्ही म्हणाल, चार-पाच यंत्रांवर एकदम काम सुरू करावे. करता येईल, पण दर थोड्या वेळाने प्रत्येक यंत्र काहीतरी विचारते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. शिवाय हाताने केलेल्या तीस कामांत तीस प्रकारचे बारीकसारीक फरक राहतात. एका यंत्रावर मराठी टंक टाकायचा राहून जातो, तर दुसऱ्यावर छापखान्याशी, म्हणजे प्रिंटरशी जोडणी होत नाही. मग ज्याच्या वाट्याला ते यंत्र आले, त्या मुलाचे परीक्षेत नुकसान होते.

असे असूनही अनेक महाविद्यालयांतील आणि कचेऱ्यांतील मंडळी हे काम एका दुपारी उरकतात. ते कसे, हे आज आपण समजून घेऊ.

प्रत घ्यायची, पण कशी?

युक्ती अशी. तीसपैकी एकच यंत्र नीट, सावकाश, सर्व तपासण्या करून तयार करायचे. मग त्याच्या हार्डडिस्कची हुबेहूब प्रतिमा घेऊन ती एका मोठ्या फाइलीच्या रूपात मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर ठेवायची. या फाइलीला ‘डिस्क इमेज’ म्हणतात. ती इमेज जाळ्यातून, म्हणजे नेटवर्कमधून, उरलेल्या २९ यंत्रांवर उतरवायची. एका साच्यातून गणपतीच्या मूर्ती काढाव्यात तसेच हे आहे.

येथे एक शंका येईल. नेहमीप्रमाणे सगळ्या फाइली निवडून त्यांची प्रत का करू नये? याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की डिस्कवर डोळ्यांना दिसणाऱ्या फाइलींशिवाय आणखीही मजकूर असतो. डिस्कचे विभाग कोठे सुरू होतात व कोठे संपतात याचे कोष्टक आणि यंत्र सुरू होताना वाचली जाणारी छोटी आज्ञावली, या गोष्टी फाइलींच्या यादीत दिसतच नाहीत. त्या गेल्या नाहीत तर प्रत झालेली डिस्क सुरूच होणार नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कार्यप्रणाली चालू असताना ती सतत डिस्कवर काही ना काही लिहीत असते. बाजार भरलेला असताना तेथील माणसे मोजायला गेलात तर काही दोनदा मोजली जातील आणि काही सुटतील. चालू डिस्कची साधी प्रत घेताना असाच घोटाळा होऊ शकतो. उलट बाजूने पाहा. ज्या कार्यप्रणालीवर यंत्र चालू आहे, तिच्यावरच दुसरी इमेज लिहिणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणे होय. म्हणून यंत्र त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू न करता बाहेरच्या एखाद्या छोट्या साधनावरून सुरू करावे लागते. म्हणजे हार्डडिस्क स्वस्थ पडून राहते आणि तिच्यावर निर्धास्त काम करता येते. या बाहेरच्या साधनाला ‘बूट डिस्क’ म्हणतात. तिला जाळ्यातून बोलता येत असेल, तर ती झाली ‘नेटवर्क बूट डिस्क’.

‘बूट’ म्हणजे काय?

संगणक सुरू होण्याला ‘बूट होणे’ का म्हणतात? या शब्दाचा पायातल्या बुटाशी खरोखरच संबंध आहे. उंच बुटांच्या मागे ते ओढून चढवण्यासाठी चामड्याचा एक फासा असतो. त्याला इंग्रजीत ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. स्वतःच्या बुटाचा फासा ओढून स्वतःलाच जमिनीवरून उचलणे ही अशक्य गोष्ट. न्यूटनचा तिसरा नियम शिकलेल्यांना ती का अशक्य आहे हे सांगायला नकोच! पण संगणकापुढे काहीसा असाच पेच असतो. डिस्कवरील आज्ञावली स्मृतीत आणायची तर त्यासाठी आधी एक आज्ञावली स्मृतीत हवी. मग ती पहिली आज्ञावली कोण आणणार?

उत्तर असे, की ती आणावी लागत नाही. संगणकाच्या मुख्य पटलावरील एका चिपमध्ये ती कायमची लिहून ठेवलेली असते आणि वीज गेली तरी पुसली जात नाही. कळ दाबताच ती जागी होते. जुन्या पद्धतीच्या संगणकांत तिला ‘बायॉस’ म्हणत. बायॉसला फारच थोडे कळे. डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट स्मृतीत आणायचे, त्यांतील शेवटचे दोन बाइट ठरलेली खूण आहेत का ते पाहायचे आणि असतील तर पुढचा कारभार त्या ५१२ बाइटांच्या स्वाधीन करायचा, एवढेच तिचे काम.

५१२ बाइट म्हणजे किती? आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ५१२ बाइटांत जेमतेम १७० चिन्हे मावतील. तुम्ही आता वाचत असलेला हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही! एवढ्या जागेत कार्यप्रणाली कशी मावेल? ती मावत नाहीच. ते ५१२ बाइट आपल्याहून मोठ्या आज्ञावलीला आणतात, ती आणखी मोठीला आणते, आणि अशा पायऱ्यांनी अखेरीस पूर्ण कार्यप्रणाली स्मृतीत येते.

आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे. पहिल्या पायरीला सगळे ठाऊक असण्याची गरज नसते. पुढचे कोणाकडे आणि कसे मागायचे, एवढे ठाऊक असले की पुरते.

चकतीवर काय काय असे?

१९९० च्या दशकात बूट डिस्क म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी, अर्थात प्लॅस्टिकच्या चौकोनी वेष्टणातील चुंबकीय चकती. तिच्यावर ‘१.४४ मेगाबाइट’ असे लिहिलेले असे. या आकड्याची फोड करू. चकतीला २ बाजू, प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट येतात. याला १०,००,००० ने भागले तर १.४७ येते आणि १०,४८,५७६ ने, म्हणजे २ च्या २० व्या घाताने, भागले तर १.४१ येते. मग १.४४ कोठून आले? एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागले की ते मिळते! मोजमापांत एकच एकक धरून चालावे, असे आम्ही शिक्षक सांगतो ते उगाच नव्हे.

ही चकती मिनिटाला ३०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला ५. एका फेऱ्यात एक मार्ग वाचला गेला तरी १६० मार्गांना किमान ३२ सेकंद लागणार. प्रत्यक्षात याहून जास्तच वेळ लागे.

एवढ्याशा जागेत चार गोष्टी बसवायच्या असत. पहिली, डॉस या छोट्या कार्यप्रणालीच्या मूळ फाइली. दुसरी, यंत्रातील नेटवर्क कार्डाला चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर. तिसरी, जाळ्यात कोणत्या नियमांनी बोलायचे ते सांगणारी आज्ञावली. आणि चौथी, इमेज घेणारी व उतरवणारी आज्ञावली. यांपैकी चौथीत ‘घोस्ट’ हे नाव फार गाजले. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातल्या मरे हॅझर्ड यांनी ती तयार केली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतील सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली. आपल्याकडेही ती इतकी वापरली गेली, की इमेज उतरवण्याला ‘घोस्ट मारणे’ असेच म्हणू लागले.

खरी अडचण दुसऱ्या गोष्टीत होती. नेटवर्क कार्डे अनेक कंपन्यांची असत आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. कक्षात तीन प्रकारची कार्डे असली तर तीन फ्लॉप्या कराव्या लागत आणि कोणती कोणत्या यंत्राची हे चिठ्ठ्या चिकटवून लक्षात ठेवावे लागे. यावर सुंदर तोड निघाली. पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक कार्डात दोन क्रमांक कोरलेले असतात. एक बनवणाऱ्याचा आणि दुसरा त्या वस्तूचा. उदाहरणार्थ, इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६. इंटेलच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही हेच, हे तुमच्यापैकी काहींनी ओळखले असेल. बूट डिस्कने आधी हे क्रमांक वाचावेत, मग आपल्या यादीत शोधून नेमका तोच ड्रायव्हर उचलावा, अशी सोय केली की एकच चकती अनेक प्रकारच्या यंत्रांना चाले.

चकतीही नको!

पुढे प्रश्न आला, की चकतीचे काम नेटवर्क कार्डातल्याच चिपमध्ये का बसवू नये? डिस्क नसलेले संगणक जाळ्यातून सुरू करण्याचे नियम त्याआधीच ठरले होते. १९८५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीतील जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ हे नियम मांडले. त्यातूनच पुढे आजचे ‘डीएचसीपी’ आले. या पायावर इंटेलने ‘पीएक्सई’ ही पद्धत रचली, तिची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तारेने जोडल्या जाणाऱ्या बहुतेक टेबलावरच्या संगणकांत ही सोय आज असते.

पीएक्सईने सुरू होणारे यंत्र कसे बोलते ते पाहा. जागे होताच त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो आणि सर्व्हरचाही नसतो. ठाऊक असतो तो फक्त कार्डावर कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक. मग ते जाळ्यात दवंडी पिटते : “माझा कार्ड-क्रमांक अमुक. मला पत्ता द्या!” दवंडी सगळ्यांना ऐकू जाते, पण उत्तर देतो तो डीएचसीपी सर्व्हर : “हा पत्ता घेशील का?” यंत्र म्हणते, “हाच मला द्या.” सर्व्हर सांगतो, “दिला.” याच संभाषणात त्याला आणखी दोन गोष्टी कळतात, पुढची आज्ञावली कोणत्या संगणकावर आहे आणि त्या फाइलीचे नाव काय.

आता ती फाइल आणायची. त्यासाठी ‘टीएफटीपी’ नावाची अगदी साधी रीत आहे. तिचे १९८१ मधील नियमपत्र एमआयटीतील कॅरन सोलिन्स यांच्या नावावर आहे. सर्व्हर फाइलीचे ५१२ बाइटांचे तुकडे करतो आणि एकेक तुकडा पाकिटात घालून पाठवतो. पाकीट मिळाले की यंत्र पोच देते. पोच आली की पुढचे पाकीट निघते. पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा. ५१२ पेक्षा कमी बाइटांचे पाकीट आले, की ते शेवटचे समजायचे. नियम इतके थोडके आहेत म्हणूनच ते छोट्याशा चिपमध्ये मावतात.

आलेली छोटी आज्ञावली मग मोठी कार्यप्रणाली आणते आणि ती सुरू झाली की इमेज उतरवण्याचे काम हाती घेते. म्हणजे पायऱ्या त्याच. फक्त पहिली पायरी चकतीवरून तारेवर गेली.

एकेकाला सांगावे की सर्वांना?

आता वेळेचा हिशेब. डिस्क ५०० गिगाबाइटची असली तरी भरलेला भाग ३० गिगाबाइटच असेल, तर रिकामी जागा कशाला पाठवायची? चांगल्या आज्ञावल्या वापरलेले भागच तेवढे उचलतात. तैवानमधील उच्चक्षम संगणन केंद्रात तयार झालेली ‘क्लोनझिला’ ही विनामूल्य आज्ञावली हेच करते.

कक्षातील जाळे सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे आहे असे धरू. ३० गिगाबाइट म्हणजे २,४०,००० मेगाबिट. भागाकार केला की २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटे येतात. हे झाले एका यंत्राचे. सर्व्हरने ३० यंत्रांना ३० स्वतंत्र प्रती पाठवल्या तर लागणार २० तास. एकामागून एक पाठवा किंवा एकदम. सर्व्हरची तार एकच असल्यामुळे बेरीज तीच.

पण वर्गात गुरुजी शुद्धलेखन कसे सांगतात? प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन तोच उतारा तीस वेळा वाचतात का? नाही. उतारा एकदाच वाचतात आणि तीस जण एकदम लिहितात. ज्याचे एखादे वाक्य सुटले तो हात वर करतो आणि गुरुजी तेवढेच वाक्य पुन्हा सांगतात. जाळ्यातही असे करता येते. त्याला ‘मल्टिकास्ट’ म्हणतात. सर्व्हर प्रत्येक पाकीट एकदाच पाठवतो आणि जाळ्याच्या जोडपेटीत, म्हणजे स्विचमध्ये, त्याच्या प्रती होऊन ती सगळ्या यंत्रांकडे जाते. सुटलेले पाकीट पुन्हा मागता येते. हिशेबाने ३० यंत्रांनाही ४० मिनिटेच लागतील! प्रत्यक्षात सर्वांत मंद यंत्रासाठी इतरांना थांबावे लागते, त्यामुळे वेळ वाढतो. तरी २० तासांच्या मानाने तो किरकोळच असतो.

जपण्याच्या गोष्टी

इमेज उतरवताना त्या डिस्कवरचे आधीचे सर्व काही जाते. तुमचा प्रकल्प, चित्रे, वर्षभराच्या नोंदी, सगळे. आज्ञावली ‘मूळ’ डिस्क कोणती आणि ‘लक्ष्य’ डिस्क कोणती हे विचारते. उत्तराची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते आणि तयार केलेले यंत्रच पुसले जाते. म्हणून डिस्कचे नाव व आकार मोठ्याने वाचून, शक्य तर दुसऱ्या माणसाकडून तपासूनच होकार द्यावा. आपले काम नेहमी दुसरीकडेही साठवून ठेवावे. हा प्रयोग घरच्या संगणकावर करू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

दुसरी गोष्ट ओळखीची. तीस यंत्रे हुबेहूब झाली की तिघांची-चौघांची नव्हे, सर्वांची नावेही एकच होतात आणि जाळ्यात गोंधळ उडतो. म्हणून विंडोजच्या बाबतीत इमेज घेण्याआधी ‘सिसप्रेप’ नावाची आज्ञावली चालवून त्या यंत्राची खास ओळख पुसतात. मग प्रत्येक प्रत पहिल्यांदा सुरू होताना आपली नवी ओळख तयार करते.

तिसरी गोष्ट विश्वासाची. दवंडीला जो उत्तर देईल त्याच्यावर नवजात यंत्र विश्वास ठेवते. त्या जाळ्यात एखादा तोतया सर्व्हर बसला, तर तो वाटेल ती आज्ञावली हाती देऊ शकेल. यासाठी आजच्या संगणकांत बायॉसच्या जागी आलेल्या ‘यूईएफआय’ मध्ये ‘सिक्युअर बूट’ ही सोय असते. ती आज्ञावलीवरील अंकीय सही तपासते आणि सही ओळखीची नसेल तर ती चालवत नाही.

फ्लॉपीचा काळ आता सरला. सोनी कंपनीने २०११ मध्ये जपानमधील तिची विक्री थांबवली. तिची जागा पेन-ड्राइव्हने आणि जाळ्याने घेतली आहे. तरी पायऱ्यांनी वर चढण्याची रीत तीच आहे.

वर्गात करून पाहा

दहा वाक्यांचा एक उतारा घ्या. एका मुलाने तो पाच मुलांना वेगवेगळा, एकेकाला वाचून दाखवावा आणि त्यांनी तो लिहून घ्यावा. लागलेला वेळ घड्याळावर मोजा. मग तेवढ्याच लांबीचा दुसरा उतारा पाचही जणांना एकदम सांगा. सुटलेली वाक्ये हात वर करून पुन्हा मागा. दोन्ही वेळांचे गुणोत्तर ५ येते का? कमी आले तर का, याची चर्चा करा.

विचार करा

१. टीएफटीपीने पाठवायची फाइल नेमकी १,०२४ बाइटांची असेल, तर ती संपली हे यंत्राला कसे कळेल?

२. टीएफटीपीच्या मूळ नियमांत पाकिटांना १ ते ६५,५३५ असे क्रमांक देतात. या नियमाने जास्तीत जास्त किती मोठी फाइल पाठवता येईल?

३. जाळ्याचा वेग सेकंदाला १,००० मेगाबिट असेल, तर वरच्या हिशेबातील ४० मिनिटे आणि २० तास यांच्या जागी काय येईल?

उत्तरे : (१) दोन पूर्ण पाकिटांनंतर शून्य बाइटांचे एक रिकामे पाकीट पाठवावे लागते. (२) शेवटचे पाकीट ५१२ पेक्षा लहान हवे, म्हणून ६५,५३४ × ५१२ + ५११ = ३,३५,५३,९१९ बाइट, म्हणजे सुमारे ३२ मेगाबाइट. ३० गिगाबाइटची इमेज या रीतीने का पाठवत नाहीत, ते यावरून कळेल. (३) ४ मिनिटे आणि २ तास. मात्र डिस्कला तेवढ्या वेगाने लिहिता आले पाहिजे.